एका पितळी छिद्राचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट उभे राहतात, तहनामे येतात, तलवारी येतात. औद्योगिक इतिहास म्हटला की कारखानदार येतात, पायाभरणीचे समारंभ येतात, आणि यंत्रापुढे नारळ फोडतानाची छायाचित्रे येतात. परंतु ज्या वस्तूंवाचून सामान्य माणसाची सकाळ अडते, त्यांची हकीकत लिहून ठेवावी असे फारसे कोणाला सुचत नाही. आज मी वाचकांपुढे अशीच एक वस्तू ठेवणार आहे. ती दोन्ही हातांच्या ओंजळीत मावते. तिचे नाव कार्बोरेटर. आमच्या थेरगावच्या गॅरेजांत तिला ‘कारबेटर’ म्हणत. तिचा जीव असतो तो मिलिमीटरभर रुंदीच्या एका पितळी छिद्रात, ज्याला जेट म्हणतात.

मी इंजिनिअर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना शिकवणे हा माझा व्यवसाय आणि कादंबऱ्या लिहिणे हा नाद. पण थेरगावात वाढलेल्या माणसाला इंजिनापासून दूर राहता येत नाही. पवनेच्या एका तीरावर चिंचवड, तेथे मोरया गोसावींचे समाधिमंदिर. दुसऱ्या तीरावर आमचे गाव. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६० साली आकुर्डीला बजाजच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याच दशकात थेरगावात पदमजी पेपर मिल आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. या सनावळीत शेतातली ज्वारी कधी गेली आणि पत्र्याच्या शेडांची गॅरेजे कधी आली, ते कोणत्याच दप्तरात नोंदलेले नाही.

आता या वस्तूचे काम काय? पेट्रोल नुसते जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. आणि ते मिश्रण प्रमाणात असावे लागते. एक भार पेट्रोलाला सुमारे १४.७ भार हवा, हे त्याचे शास्त्रीय प्रमाण. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचे तर एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! एवढ्या हवेत एवढेसे पेट्रोल अचूक कालवायचे, तेही गाडी थांबलेली असो, घाट चढत असो वा उतारावरून धावत असो. हे काम कार्बोरेटर कोणत्याही विजेवाचून, कोणत्याही मेंदूवाचून करीत असे.

त्यामागचे तत्त्व मोटारीहून पुष्कळ जुने. डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रवाहाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो हे मांडले. पुढे १७९७ साली जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी या इटालियन पंडिताने अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या पाण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कार्बोरेटरला असाच एक अरुंद गळा असतो. इंजिन श्वास घेते, गळ्यातून हवा वेगाने धावते, तेथला दाब उतरतो, आणि शेजारच्या भांड्यातले पेट्रोल जेटमधून वर येऊन फवाऱ्यासारखे उडते. जुन्या सलूनमध्ये केशकर्तनकार ज्या फुगाऱ्याने पाणी मारीत, त्यातही हेच तत्त्व.

पहिल्या मोटारींत मात्र फवारा नव्हता. हवा पेट्रोलच्या पृष्ठावरून नेऊन वाफ गोळा करीत. तशाच गाडीतून कार्ल बेंझची पत्नी बेर्था ही १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोल विकणारी दुकाने नव्हतीच. वाटेत व्हीसलोख गावच्या औषधालयातून तिने डाग काढण्याचे द्रावण विकत घेतले आणि तेच इंधन म्हणून ओतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने आपल्या टोपीची टाचणी काढून ती मोकळी केली. मोटारीच्या लांब प्रवासातली ही पहिली दुरुस्ती एका गृहिणीने केली, आणि तीही कचरा अडकलेली इंधनाची वाट साफ करण्याची! पुढची शंभर वर्षे जगभरचे मिस्त्री त्याच कामावर पोट भरणार होते.

फवाऱ्याचा कार्बोरेटर १८९३ साली आला. हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी त्याचे पेटंट घेतले, आणि त्याच सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यानेही तो सिद्ध केला. बुडापेस्टच्या रस्त्यात एक फुलवाली नळीने फुंकर घालून फुलांवर पाणी शिंपडत होती, ती पाहून ही युक्ती सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, गोड आहे. मायबाख हा लहानपणीच पोरका झालेला आणि अनाथाश्रमाच्या कारखान्यात शिकलेला मुलगा होता, हे मात्र खरे. गॅरेजातल्या पोरांना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

आपल्याकडे या वस्तूचे राज्य खरे पसरले ते स्वातंत्र्यानंतर. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट कुर्ल्याहून निघू लागली. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. अँबेसिडर कलकत्त्याकडून आली. आमच्या आकुर्डीहून स्कूटर निघाली. पियाज्जिओबरोबरचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. त्याच वर्षी अहमदनगरहून लुना निघाली. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसे आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहत. नोंदणी करताना अविवाहित असलेला गृहस्थ स्कूटर हाती येईपर्यंत दोन मुलांचा बाप झालेला असे, आणि मग चौघेही तिच्यावर मावत.

त्या स्कूटरचा एक विधी माझ्या वयाच्या प्रत्येक वाचकाला आठवत असेल. सकाळी किक मारण्याआधी वडील स्कूटर एका अंगावर तिरकी करीत, क्षणभर थांबत, मग सरळ करून किक मारीत. शेजारचे काका करीत म्हणून आपणही करायचे, अशी ती परंपरा होती. पण तिला अर्थ होता. आमचे मिस्त्री सांगत की गाडी तिरकी केली म्हणजे कार्बोरेटरच्या भांड्यातले पेट्रोल जेटच्या बाजूला चढते, थोडे जादा पुढे जाते, आणि थंड इंजिनाला हवे असलेले घट्ट मिश्रण मिळते. टाकीत तळाशी थोडेच उरले असेल तर तेही नळीच्या तोंडाशी येते. शास्त्र ठाऊक नसलेली लक्षावधी माणसे रोज सकाळी बर्नुली आणि व्हेंचुरी यांना असा नमस्कार घालीत होती.

कारखान्यांच्या कामगारांचे पगार ठरलेले होते, त्यांचे भोंगे ठरलेले होते. गॅरेजवाल्याचे तसे नव्हते. टेल्कोचे ट्रक डिझेलचे. डिझेलला कार्बोरेटर नसतो, पंप असतो, आणि त्या पंपाचे मिस्त्री निराळे, त्यांचा रुबाब निराळा. पेट्रोलच्या मिस्त्रीकडे येणारी गिऱ्हाइके म्हणजे मध्यमवर्गीय फियाटवाले आणि स्कूटरवाले. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या आधी त्यांची रांग लागे. मामाच्या गावी जायचे आहे, गाडी घाटात बंद पडायला नको, ‘जरा कारबेटर साफ करून द्या’.

हे साफ करणे म्हणजे काय, ते एकदा नीट नोंदवून ठेवावे म्हणून लिहितो. कारण पुढच्या पिढीला ते पाहायला मिळणार नाही. फियाट उभी करून इंजिन थंड होऊ द्यायचे, बॅटरीची एक तार सोडायची. वरची हवेची गाळणी काढायची. पेट्रोलची नळी सोडून तिच्या तोंडात लाकडाची खुंटी मारायची. ॲक्सिलेटरचा दांडा आणि चोकची तार मोकळी करायची. मग बुडाचे नट सैल करून कार्बोरेटर आडवा न होऊ देता सरळ वर उचलायचा, कारण त्याच्या पोटात अजून पेट्रोल असते. तो निघाला की खालच्या उघड्या तोंडात आधी स्वच्छ फडक्याचा बोळा घालायचा. त्या भोकात एखादा नट पडला तर दोन तासांचे काम दोन दिवसांचे होते.

मग पत्र्याच्या ट्रेमध्ये खरे काम सुरू होई. वरचे झाकण उघडायचे; त्याखालचे कागदी पॅकिंग फाटले तर नवे कापायचे. फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ पितळी डबा, बाहेर काढून कानाशी हलवायचा. आत खळखळ वाजले तर त्याला बारीक चीर आहे, पेट्रोल आत शिरले आहे, तो आता तरंगणार नाही आणि कार्बोरेटर वाहत राहील. शंका असेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. चीर असेल तेथून बुडबुडे येतात. फ्लोटवर टेकणारी सुई झिजून तिला कंगोरा पडला आहे का, ते नखाने पाहायचे. शेवटी जेट. प्रत्येकावर बारीक आकडा कोरलेला असतो. कोणता कोठून काढला ते विसरायचे नाही. पेट्रोलमध्ये धुवून, उलट बाजूने हवा मारून, उजेडाकडे धरून पाहायचे. छिद्र गोल आणि लख्ख दिसले की काम झाले.

येथेच चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री यांतला फरक दिसे. घाईचा मिस्त्री जेटमध्ये तार घालून खरवडी. आमच्या गावातले एक वयस्क मिस्त्री मला म्हणत, “मास्तर, जेटला पोलादी तार घालायची नसते. पितळ मऊ असतं. भोक केसभर मोठं झालं की गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते, आणि मालकाला कळतही नाही का ते.” केसभर वाढलेल्या छिद्रातून एका कुटुंबाचा महिन्याचा हिशेब गळत राही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले तेव्हा तर ‘ॲव्हरेज’ हा शब्द घरोघर पोहोचला. चांगल्या मिस्त्रीची कीर्ती त्या एका शब्दावर अवलंबून असे.

जोडणी झाल्यावर शेवटचे काम कानाचे. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यायचा, मग अंदाजे दीड फेरा बाहेर. इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचे, आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत ऐकत राहायचे. मिश्रण पातळ असेल तर इंजिन अडखळते, घट्ट असेल तर जडपणे गुरगुरते. मधे एक जागा अशी येते की आवाज सलग आणि गोल होतो. ती जागा सापडली की मिस्त्री हात काढून घेई आणि काही न बोलता हात पुसू लागे. तंबोरा लावणाऱ्या गवयाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच मी तेथे पाहिला आहे.

परंतु या हकीकतीला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवली तर हा इतिहास न होता आठवणींची आरती होईल. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे होते. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिज्ली याला टेट्राएथिल लेड घातले की इंजिनाचे ठोके थांबतात असे आढळले, आणि ते विषारी द्रव्य जगभरच्या पेट्रोलमध्ये गेले. ते कातडीतूनही अंगात शिरते. आपल्याकडे शिशाचे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० रोजी सर्वत्र बंद झाले. म्हणजे त्याआधीची सगळी वर्षे आमच्या गॅरेजांतली दहा-बारा वर्षांची पोरे त्याच पेट्रोलमध्ये कोपरापर्यंत हात घालून जेट धूत होती, टाकीतून पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढत होती. त्यांची कोणी तपासणी केली नाही. कामगार म्हणून त्यांचे नाव कोठे लागलेलेच नव्हते.

भेसळीचा पत्ताही आधी गॅरेजात लागे. रेशनचे स्वस्त रॉकेल पेट्रोलमध्ये मिसळणाऱ्यांचा धंदा कित्येक वर्षे चालला. कार्बोरेटरचे झाकण उघडताच वासावरून मिस्त्री ओळखत आणि गिऱ्हाइकाला हळूच म्हणत, “पंप बदला.” त्याहून मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ ही भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. भांड्याच्या तळाशी बसलेला तो गाळ किती लांबून आणि किती काळ्या वाटांनी येत होता, ते त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले.

कार्बोरेटर गेला तोही धुरामुळेच. तो कितीही चांगला लावला तरी प्रत्येक क्षणाचे प्रमाण अचूक राखू शकत नाही; उरलेसुरले न जळलेले पेट्रोल आणि विषारी वायू शहराच्या छातीत जातात. मोठ्या शहरांत १९९५ साली नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे यंत्र आले, २००० साली धुराचे नियम कडक झाले आणि मोटारींत संगणकाने चालणारी इंधनाची पिचकारी बसली. दुचाकींत कार्बोरेटर आणखी वीस वर्षे टिकला. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा लागू झाले आणि नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ नाहीसा झाला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. आता आकुर्डीहून विजेवर चालणारी ‘चेतक’ निघते. नाव तेच, पण तिच्या पोटात ना पेट्रोल आहे, ना जेट.

जुन्या गाड्या ज्यांनी हौसेने जपल्या आहेत, त्यांच्यापुढे नवाच पेच आहे. पेट्रोलमध्ये २०२२ साली १० टक्के इथेनॉल मिसळू लागले. २०२५ साली २० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉल पाणी ओढून घेते, जुनी रबरे फुगवते आणि टाकीतला साठलेला गंज सोडवून भांड्यात आणते. गाडी महिनाभर उभी राहिली की जेट तुंबतो. म्हणून आजही अधूनमधून कोणीतरी चेतक ढकलीत आणतो आणि विचारतो, “कारबेटर साफ करणारं कोणी आहे का इथं?” नव्या गॅरेजात संगणक लावून दोष सांगणारी मुले आहेत, हुशार आहेत; पण त्यांतल्या पुष्कळांनी कार्बोरेटर उघडलेला नाही.

मग जुन्या मिस्त्रींचे काय झाले? काही रिक्षा चालवू लागले, काहींनी पंक्चरचे दुकान टाकले, काहींची मुले चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर लागली. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. चाळीस वर्षे ज्या कानाने इंजिने सुरात लावली, त्या कानाची किंमत ठरवणारा कागद कोणत्याच कचेरीत मिळत नाही. ते ज्ञान निरुपयोगी झाले असेही मला म्हणवत नाही. त्याच्या बुडाशी एक रीत होती: बंद पडलेली वस्तू उघडायची, सुटे भाग ओळीने मांडायचे, एकेक कारण तपासायचे, सोपे कारण आधी आणि अवघड नंतर, आणि उघडले त्याच्या उलट क्रमाने जोडायचे. विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्या धड्यात जे लिहिलेले असते ते याहून फार निराळे नाही.

मी आमच्या वर्गात एक जुना कार्बोरेटर ठेवला आहे. नाना पेठेत वजनावर मिळाला. स्वच्छ धुवून, वाळवून, पेट्रोलचा वासही उरू न देता तो मुलांच्या हाती देतो. पहिल्या दिवशी मुले तो उघडायला भितात. “सर, मोडला तर?” असे विचारतात. मी म्हणतो, मोडू दे, पण आधी स्क्रू कोठले ते कागदावर मांडून ठेवा. अर्ध्या तासात पाच-सहा डोकी त्या ट्रेवर वाकलेली असतात. परवा एका मुलीने जेट काढला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “सर, यातून पलीकडचं झाड दिसतंय.”